आय-टेनवरची सत्तावीस मिनिटं

या संकेतस्थळावरचे भुताखेतांचे अनुभव मी चार वर्षं नुसते वाचत आलेय. लिहिलं कधी नाही, कारण असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. लग्नाआधी सात वर्षं मी एका मराठी दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर उपसंपादक होते. बंद घरातून रडण्याचा आवाज आला, विहिरीजवळ बाई दिसली, अशा बातम्या तालुक्यांतून नेमानं यायच्या. मी वार्ताहराला फोन करून दोनच प्रश्न विचारायचे - कुणी पाहिलं, आणि तू त्या माणसाशी स्वतः बोललास का? बातमी बहुतेक वेळा तिथंच संपायची.

या वेळी पाहणारी मी आहे, त्यामुळे ही बातमी मला टोपलीत टाकता येत नाही. जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहिते. वेळा माझ्या वहीतल्या आहेत. त्याच संध्याकाळी लिहून ठेवल्या होत्या.

ऑगस्ट २००६ मधला एक शनिवार. आम्ही तेव्हा ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहायचो. माझा नवरा हेमंत सॉफ्टवेअरमध्ये, मी डिपेंडंट व्हिसावर घरी, मुलगी रेवा चार वर्षांची. आणि सासूबाई - आम्ही दोघंही त्यांना आईच म्हणतो - सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या. वय अडुसष्ट. शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या अमेरिका बघायला आल्या नव्हत्या, रेवासाठी आल्या होत्या. हे त्यांनी विमानतळावरच सांगून टाकलं होतं.

सॅन अँटोनिओला हेमंतचा मित्र मंदार राहतो. त्याच्या घरच्या गणपतीसाठी हेमंतनं तीन आठवडे खपून थर्माकोलचं मखर केलं होतं, चार खांब आणि वर घुमट. ते न्यायचं म्हणून आमच्या मिनिव्हॅनच्या मधल्या दोन्ही सीट काढल्या होत्या. चादरीत गुंडाळलेलं मखर आमच्या पुढच्या सीटच्या पाठीला टेकून उभं होतं, थेट छताला टेकलेलं. मागच्या सीटवर डावीकडे रेवाची कार सीट आणि उजवीकडे आई. पुढून मागचं काहीही दिसत नव्हतं. मधल्या आरशात फक्त चादर. माझ्या बाजूला, मखर आणि दार यांच्यामध्ये, हात जाईल एवढी फट होती. हे नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं या रचनेमुळे झालं.

ह्यूस्टनहून सॅन अँटोनिओला जाताना आय-टेन हायवेवर, सॅन अँटोनिओच्या साधारण पासष्ट मैल अलीकडे, एक प्रचंड गॅस स्टेशन आहे. नाव देत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. पंप मी मोजायला घेतले आणि बेचाळीसवर सोडून दिले. मागे सुपरमार्केटएवढं दुकान - फज नावाच्या चॉकलेटच्या वड्यांचे ट्रे, भाजलेले अक्रोड, मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, हरणांना घालायचा मका, उशा, टोप्या, ऑगस्टमध्ये नाताळची सजावट. आणि बाथरूम्स, ज्यांच्या स्वच्छतेबद्दल टेक्ससमधली माणसं अभिमानानं बोलतात. लोक तिथं वाट वाकडी करून जातात. दारात उभं राहून फोटो काढतात, टी-शर्ट घेतात. मराठी मंडळात भारतातून आलेल्या आई-वडिलांना ‘तुम्ही ते बघितलंत का’ अशी विचारणा व्हायची, आणि नाही म्हटलं तर मुलाकडे बघितलं जायचं.

“पेट्रोल पंप बघायला जायचं?” आई निघताना म्हणाल्या. “सांगलीत सांगितलं तर लोक म्हणतील, मुलानं दुसरं काही दाखवलं नाही.”

“आई, तू बघ तर,” हेमंत म्हणाला. “परत आल्यावर तूच सगळ्यांना सांगत सुटशील.”

आईंच्या पर्समध्ये मी एक कार्ड ठेवलं होतं. इकडे पाहुणे आलेल्या बहुतेक ज्येष्ठांच्या पर्समध्ये असं कार्ड असतं. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत - नाव, मुलाचं नाव, पत्ता, हेमंतचा सेलफोन, आणि खाली ‘कृपया या नंबरवर फोन करा’. आईंनी ते वाचून स्पेलिंग तपासलं होतं.

अकरा पस्तीसला पोचलो. ऊन रणरणत होतं. दुकानात जत्रेसारखी गर्दी. दोन टूर बस आल्या होत्या, एकसारखे टी-शर्ट घातलेलं एक अख्खं कुटुंब फजच्या काउंटरपुढे फोटोसाठी उभं होतं. मी, आई आणि रेवा बाथरूमला गेलो. आई रांगेतली दारं मोजत गेल्या आणि परत येताना म्हणाल्या, “आमच्या शाळेला यातली चार असती तरी मी रिटायर झाले नसते.”

मग आम्ही थोडा वेळ भटकलो. बारा वाजून गेल्यावर मी रेवाला घेऊन व्हॅनकडे निघाले. आई म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढे, माझा चष्मा बेसिनपाशी राहिला.” मी रेवाला कार सीटमध्ये बसवलं. खांद्यांचे पट्टे, छातीवरची क्लिप, खालचं बकल. बकलचा आवाज ऐकला, एकदा ओढून बघितलं. हे मी रोज करते, त्या दिवशीही केलं. मग कचरा टाकायला गेले आणि बर्फाची पिशवी घेऊन आले. जाऊन येऊन चार-पाच मिनिटं. तोवर सरकतं दार बंद झालेलं होतं आणि हेमंत स्टिअरिंगवर बसलेला होता.

“आई?” मी विचारलं.

“बसली. चल.”

पुढे त्याला मी खोदून खोदून विचारलं. तो व्हॅनच्या दुसऱ्या बाजूला पंपाची नळी अडकवत होता. काळ्या काचेतून त्याला कुणीतरी वाकून मागच्या सीटकडे जाताना दिसलं. त्यानं पुढे येऊन बटण दाबून दार लावलं. चेहरा पाहिला का? नाही. साडीचा रंग? सांगता येत नाही. आपली आई आपल्या गाडीत चढते तेव्हा माणूस तिचा चेहरा बघत नाही.

“आई, बसलात ना नीट?” मी पुढूनच विचारलं.

“हं.”

“गणपती बाप्पा,” हेमंत म्हणाला. आमच्याकडे गाडी सुरू करताना म्हणायची पद्धत आहे. मी आणि रेवा ‘मोरया’ म्हणालो. मागून तिसरा आवाज आला नाही. दर वेळी सगळ्यात मोठा आवाज आईंचा असतो. मला वाटलं, उन्हानं थकल्या असतील.

बारा पंचवीसला हायवेला लागलो. ताशी सत्तर मैल.

पुढची सत्तावीस मिनिटं मी वहीत शक्य तेवढी ओळीनं लिहिलीत. सुरुवातीला रेवा बाहेरच्या गाई मोजत होती - वन काऊ, टू काऊ. एरवी आई लगेच म्हणतात, “गाय म्हण, रेवा. एक गाय, दोन गाई.” यावरून दोघींचं रोज लुटुपुटीचं भांडण. त्या दिवशी कुणी दुरुस्त केलं नाही.

“आई, एसी कमी करू का?”

“हं.”

आवाज आईंचाच. हे मी आजही कुणापुढेही सांगेन. किंचित घोगरा, नाकातला. आईंचा ‘हं’ मी तीन महिने दिवसातून पन्नास वेळा ऐकत होते.

बारा चाळीसच्या सुमारास मी थालीपिठांचा डबा फटीतून मागे धरला. “आई, रेवाला अर्धं द्याल?” क्षणभर काही झालं नाही. मग डबा माझ्या हातातून घेतला गेला. मी मान वळवली होती. हात दिसला, मनगटापर्यंत. दोन हिरव्या बांगड्या, मध्ये एक सोन्याची. आईंच्या हातात तशाच असतात. पण तो डावा हात होता. आई डाव्या हातानं कधी कुणाकडून काही घेत नाहीत. शाळेत मुलांची वहीसुद्धा घ्यायच्या नाहीत. मला ते खटकलं. खटकलं एवढंच. पुढे माझ्या डोक्यात मंदारच्या घरी कुणाकुणाला काय न्यायचं ते सुरू झालं.

मग मागे कुजबुज ऐकू आली. शब्द कळत नव्हते. रेवा एकदा “व्हाय?” म्हणाली. आजी-नातीचं काहीतरी चाललंय म्हणून मी रेडिओचा आवाज थोडा कमी केला. बरंच वाटलं मला.

बारा बावन्नला हेमंतचा फोन वाजला. नंबर अनोळखी. तो ड्राइव्ह करत होता म्हणून मी घेतला.

“मॅम, आय हॅव अ लेडी हिअर,” एक बाई बोलत होती, सावकाश, टेक्ससच्या हेलात. “शी गेव्ह मी धिस कार्ड. आय थिंक शी इज युअर मॉम?”

मी म्हणाले, रॉंग नंबर असेल. तिनं कार्डावरचं नाव वाचून दाखवलं. मग फोन दुसऱ्या हातात गेला.

“वैजयंती? अगं, मला सोडून कुठे गेलात तुम्ही?”

पूर्ण नावानं मला फक्त आई हाक मारतात. मागे गर्दीचा आवाज होता, गल्ल्याची पिकपिक. मी कसंबसं विचारलं, “आई, तुम्ही कुठे आहात?”

“कुठे म्हणजे? त्या दुकानातच. चष्मा घेऊन बाहेर आले तर गाडी नाही. दुसऱ्याच दारानं बाहेर पडले वाटतं, दोन्हीकडे सगळं सारखंच आहे मेलं. वीस मिनिटं उन्हात तुमची गाडी शोधली. शेवटी या बाईंनी आत आणून खुर्ची दिली... हॅलो?”

मला ओरडता आलं असतं. ओरडले नाही, आणि याचं श्रेय मी धैर्याला देत नाही. एकच गोष्ट कळत होती - रेवा त्या ‘हं’ म्हणणारीच्या शेजारी आहे. जे काही मागे होतं ते मराठी समजत होतं. एसीबद्दल विचारलेलं त्याला कळलं होतं. मी एक शब्द बोलले असते तर त्यालाही कळला असता. गाडी सत्तरच्या वेगात होती, आणि माझ्या आणि माझ्या मुलीच्या मध्ये थर्माकोलचं देऊळ उभं होतं.

मी फोन कानाला तसाच धरला, मांडीवरच्या नकाशाच्या कागदावर लिहिलं आणि तो हेमंतसमोर धरला. *आई फोनवर आहेत. दुकानातच राहिल्या. मागे कोण? गाडी थांबव. बोलू नको.*

त्यानं वाचलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाचलं. आणि मी लिहिलेलं शेवटचं वाक्य त्याला पाळता आलं नाही. त्याच्या तोंडून निघूनच गेलं.

“आई?”

“हं,” मागून आलं.

फोनवर आई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “वैजयंती, हे कोण बोललं? ...हा माझा आवाज आहे.”

हेमंतनं गाडी कडेला घेतली. वेग कमी होईपर्यंत किती वेळ गेला ते माहीत नाही. वहीत तिथं मी काही लिहिलेलं नाही. गाडी पूर्ण थांबायच्या आत मी उतरले आणि सरकतं दार हातानं ओढलं. ते एक माणूस आत जाईल एवढं उघडलं आणि मागची सीट समोर आली.

रेवा एकटी होती.

उजवीकडच्या सीटवर आईंची शाल होती. आई ती गाडीतच ठेवून उतरल्या होत्या, हे त्यांनी नंतर सांगितलं. शालीवरून सीटबेल्ट लावलेला होता. बकल बंद. डबा खाली पडलेला, झाकण लावलेलं, थालीपिठं जशीच्या तशी. इथवरचं मी कसंतरी समजावून घेतलं असतं.

पण रेवाचे पट्टे सुटे होते. छातीवरची क्लिप उघडी, खालचं बकल उघडं, दोन्ही खांद्यांचे पट्टे बाहेर काढून नीट बाजूला ठेवलेले. ते बकल चार वर्षांच्या मुलीला उघडत नाही. त्यासाठीच ते तसं बनवलेलं असतं. रेवा कार सीटच्या कडेवर सरकून पाय खाली सोडून बसली होती. उतरायच्या तयारीत असल्यासारखी.

“रेवा, पट्टा कुणी काढला?”

“आजी.”

“का?”

“शी सेड आपण उतरू.”

“कधी?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं ते मला माहीत असायला हवं होतं. “नाऊ. बट यू स्टॉप्ड.”

शेजारून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर व्हॅन हलत होती. सरकत्या दाराच्या आतल्या बाजूला हँडल असतं. चाइल्ड लॉक होतं. ते लावलेलं होतं का, हे मी नंतर तपासलं. लावलेलं नव्हतं. आम्ही ते कधी काढलं होतं का, हे आम्हा दोघांनाही आठवत नाही.

हेमंतनं मखर उचललं आणि हायवेच्या कडेच्या गवतात, तारेच्या कुंपणाला टेकवून ठेवलं. मागचं दिसल्याशिवाय त्या गाडीत बसणं दोघांनाही शक्य नव्हतं. रेवाला पुन्हा बांधलं आणि तिच्या शेजारी, शाल उचलून, मी बसले. सीट गार होती. एसीची झडप बरोबर वर आहे, त्यामुळे याला पुरावा म्हणून किंमत नाही. पुढच्या एक्झिटवरून वळून आम्ही परत निघालो. पूर्ण रस्ता मी रेवाचं बकल मुठीत धरून होते.

आई फजच्या काउंटरशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या, हातात बर्फाच्या पाण्याचा पेला. फोन करणाऱ्या बाई शेजारी उभ्या. त्यांनी आमच्याकडे बऱ्यापैकी कडक नजरेनं बघितलं, आणि ते योग्यच होतं. हेमंत आईच्या पायाशी खाली बसला.

“ऊठ, लोक बघतायत,” आई म्हणाल्या. मग माझ्या कडेवरच्या रेवाला घ्यायला त्यांनी हात पुढे केले, आणि मी रेवाला दिलं नाही. ठरवून नव्हे. माझे हात सुटलेच नाहीत. आईंनी ते बघितलं, आणि हात परत मांडीवर ठेवले.

सॅन अँटोनिओला गेलो नाही. मंदारनं फोनवर हेमंतला धारेवर धरलं. “तीन आठवडे मखर मखर करून डोकं खाल्लंस यार, आणि आता म्हणतोस हायवेवर ठेवलं? गणपतीला काय सांगू, टो करून आणतोय म्हणून?” हेमंत हसला. खरं आम्ही त्याला आजवर सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर मी जे तपासता येईल ते तपासलं. जुनी सवय. ‘हं’ रेवाचा असेल का? तिचा आवाज बारीक आहे, आणि आईंनी तो फोनवर ऐकून आपला म्हणून ओळखला. हात? रेवाचा हात फटीपर्यंत पोचत नाही, बांगड्या तर नाहीतच. दुसरी कुणी बाई चुकून गाडीत चढली असेल? मग ती सत्तर मैलांच्या वेगात कुठे गेली? उन्हाचा परिणाम म्हणावा, तर तिघांना एकच भास कसा? हेमंतनं पुढच्या आठवड्यात व्हॅन विकली. दोष काय विचारल्यावर त्यानं सांगितलं, काही नाही. तेही खरंच होतं.

त्यानंतर माझ्यात जे झालं ते मला लपवायचं नाही. आई स्वयंपाकघरातून ‘हं’ म्हणाल्या की मी हातातलं टाकून जाऊन बघायचे. त्या रेवाला गोष्ट सांगत असल्या की मी दारात कपड्यांच्या घड्या घालत बसायचे, झालेल्या घड्या पुन्हा घालायचे. रेवाला मागच्या सीटवर त्यांच्याशेजारी एकदाही बसू दिलं नाही. भर दुपारीसुद्धा. असे दोन आठवडे गेले. मग एक दिवस भाजी निवडताना, मान वर न करता म्हणाल्या, “वैजयंती, मीच आहे.”

“मला माहितीय, आई.”

“नाही माहीत तुला. दोष देत नाहीये.”

त्यांचं तिकीट नोव्हेंबरचं होतं. ते त्यांनी ऑक्टोबरचं करून घेतलं. हेमंतनं समजावून बघितलं. सांगलीत दिवाळी करायचीय, एवढंच त्या म्हणाल्या.

विमानतळावर हेमंत सामान चढवायला रांगेत होता. रेवा माझा हात धरून. आईंनी पर्समधून ते कार्ड काढलं, माझ्याकडे परत दिलं आणि गणिताच्या बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहावा तसं विचारलं -

“त्या बाईंनी फोन केला नसता, तर मी गाडीत नाही हे तुम्हाला कधी कळलं असतं?”

मी मनात वेळेचं गणित मांडलं. पुढचा थांबा मंदारचं घर. आणखी पस्तीस मैल, वाटेत सिग्नल. आईंना खोटं चालत नाही.

“पोचल्यावर,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं होतं. मग त्यांनी रेवाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, हात मात्र लावला नाही.

“आणि हिचं काय झालं असतं?”

याला आता दोन वर्षं होत आली. मागे कोण होतं याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, हेमंतकडे नाही, आणि रेवाला तर काही आठवतसुद्धा नाही. आईंचा प्रश्न मी नंतर हेमंतला सांगितला. त्याचं उत्तर मात्र मला, त्याला आणि आईंना, तिघांनाही माहीत आहे. फोनवर दर रविवारी बोलतो, पण ते अजून कुणी उच्चारलेलं नाही.